वाढप्याची गिटार

किसनदादांनी नवी वस्तू आणल्या आणल्या वापरली, असं मी कधी पाहिलं नाही. त्यांच्या घरी प्रेशर कुकर आला तेव्हा तो बरेच दिवस फळीवर नुसता बसून होता. दादा येता-जाता त्याचं झाकण लावून बघायचे, शिट्टी उचलून तिच्यात फुंकर मारायचे आणि परत ठेवून द्यायचे. खाली त्यांची बायको, सुमनताई, स्टोव्हला पंप मारत पातेल्यात डाळ शिजवत बसलेली असायची. ती म्हणायची, "अहो, त्या कुकरचं काय लोणचं घालायचंय का?" दादा म्हणायचे, "त्याला घर बघू दे गं. आल्या आल्या कामाला जुंपलं की वस्तू बिथरते."

अंबरनाथला बुवापाड्यात आमच्या खोल्या शेजारी शेजारी होत्या. मधली भिंत माणसाच्या डोक्यापर्यंतच होती, वर पत्र्यापर्यंत सगळं मोकळं. त्यांच्याकडे फोडणी पडली की आम्ही शिंकायचो आणि आमच्याकडे भांडण लागलं की मिटवायला पलीकडून दादांचा खोकला यायचा. तो खोकला आला की आमचे हे आवाज खाली घ्यायचे. मी घ्यायची नाही, पण ते वेगळं.

दादा एका केमिकल कंपनीच्या कॅन्टीनमध्ये वाढपी होते. स्वयंपाकी नव्हे, वाढपी. उंच, सावळे, खांद्यात वाकलेले. वर्षानुवर्षं टेबलांवर वाकून वाढल्याने पाठीला तसं वळण लागलं, असं स्वतःच सांगायचे. हातांनी तसे धांदरट होते. खिळा ठोकायला घेतला तर पहिला मार अंगठ्याला. आमच्या दारावर त्यांनी हौसेने लावून दिलेली नावाची पाटी शेवटपर्यंत तिरकीच राहिली. पण जेवणाऱ्याच्या तोंडाकडे बघून त्याची भूक ओळखावी ती दादांनी. कोण संकोचाने नको म्हणतंय आणि कोणाला खरंच नकोय, हे त्यांना बरोबर कळायचं. आमच्याकडे पाहुणे म्हणून जेवायला आले तरी शेवटी वाढायचा डाव त्यांच्याच हातात जायचा. "थोडं थोडं वाढायचं," ते म्हणायचे. "एकदम ओतलं की माणूस घाबरतो. आणि वाढताना पानाकडे बघायचं असतं, पातेल्याकडे नाही."

मी लग्न होऊन आले ती ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, एका जानेवारीत. माहेर फलटणकडचं, खेड्यातलं. सासूबाई मनाने वाईट नव्हत्या, पण घरात सून आली म्हणजे दोन जादा हात आले, एवढाच त्यांचा हिशेब. हळदीचे हात सुकायच्या आत मी नळावर रांगेत उभी होते. आणि त्याच आठवड्यात शेजारी ती गिटार आली.

ती गिटार दादांची नव्हती, पार्टीची होती. बुवापाड्याची एक गायन पार्टी होती. जयंतीला, लग्नांना, बारशांना भीमगीतं गायची. हार्मोनियमवर मोरे मास्तर, पार्टीचे प्रमुखही तेच. दादा बँजो वाजवायचे. बँजो म्हणजे आमच्याकडे बुलबुल तरंग, तारांची लांबट पेटी आणि तिच्यावर दाबायची बटणं. आणि गायला सुमनताई. तिचा आवाज मी तेव्हा ऐकलेला नव्हता, पण आल्यापासून ज्याच्या त्याच्या तोंडी तोच. काळी चारमध्ये गायची म्हणे, माईक बंद पडला तरी शेवटच्या माणसापर्यंत पोचायची. काळी चार म्हणजे हार्मोनियमची चौथी काळी पट्टी. तिथे सा धरून गायचं म्हणजे बायकांच्या गळ्यालाही चांगलंच वर जावं लागतं. आमच्या भागात पार्टीची पट्टी म्हणजे पार्टीची अब्रू. "बुवापाड्याची पार्टी काळी चारची" असं शहाडपासून बदलापूरपर्यंत लोक बोलायचे. एखाद्या पार्टीने सूर खाली घेतला की पुढच्या जयंतीपर्यंत तिची टिंगल चालायची, "पट्टी उतरली त्यांची."

माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी सुमनताईच्या गळ्याचं ऑपरेशन झालं होतं. गलगंड होता. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की आवाजात थोडा फरक पडेल. जीव वाचला, जखम भरली, पण काळी चार गेली. वर चढताना सूर फाटायला लागला. एकदा तालमीत फाटला, आणि ती तिथल्या तिथे उठून घरी आली. मास्तरांनी, दादांनी, सगळ्यांनी सांगून पाहिलं की खालून गा. ती म्हणाली, "माझ्यापायी पार्टीची पट्टी उतरायला नको." त्यानंतर तिने गाणंच सोडलं. पार्टीतले बाकीचे काळी चार कशीबशी ओढत राहिले. पदर गळ्यावरून घट्ट घ्यायची. कोणी गाण्याचा विषय काढला की भांडी घासायला बसायची, घासलेली असली तरी.

तर ती गिटार. शहाडच्या पार्टीने इलेक्ट्रिक गिटार घेतली, मग आम्हाला नको? वर्गणी निघाली. बँजो तारेचा, गिटारही तारेची, तेव्हा ती किसनने शिकायची असं मास्तरांनी ठरवून टाकलं. एका रविवारी संध्याकाळी दादा उल्हासनगरहून ती चादरीत गुंडाळून घेऊन आले. खाटेवर चादर उलगडली. लालभडक अंग, कडा काळ्या, अशी चकचकीत की सगळ्यांचे चेहरे त्यात दिसत होते. चाळीतली निम्मी माणसं दारात.

"वाजवा की दादा!"

दादांनी हातसुद्धा लावला नाही. त्यांनी गर्दीतून मला शोधून काढलं. "विजया, इकडे ये. तू पण नवी, ही पण नवी. पहिली तार तू छेड."

मी सासूबाईंकडे बघितलं, मग पदर सावरून एक तार ओढली. आवाज आला टिंग. ताटलीवर नख आपटावं तेवढाच. सगळ्यांचे चेहरे पडले.

"एवढाच?" माझ्या सासूबाई म्हणाल्या. "ह्याच्यापेक्षा आमचा चिमटा मोठा वाजतो."

मग दादांनी समजावलं की ही करंटची वस्तू आहे, तिचा आवाज ॲम्प्लिफायरमधून येतो, आणि ॲम्प्लिफायर कार्यक्रमाच्या वेळी मंडपवाला देतो. तोवर ही अशीच बोलणार, जवळ बसेल त्याच्याशी. लोक हसत पांगले. दुसऱ्या दिवसापासून चाळीत तिचं नाव मुकी पडलं. जाता जाता दादा सासूबाईंना म्हणाले, "मावशी, नवी वस्तू आणि नवी सून, दोघींना थोडे दिवस घर बघू द्या. मग काय, जन्मभर कामच करायचंय." सासूबाई फणकारल्या, पण दुसऱ्या दिवशी नळावर त्या स्वतः गेल्या. खरं सांगते, तोवर त्या गिटारीचा मला हेवा वाटत होता, की हिला खाटेवर निजवलंय आणि मला रांगेत उभं केलंय. त्या दिवसापासून किसनदादा माझ्या माहेरचे झाले.

गिटारीची ओळख करून घेण्याची दादांची तऱ्हा बघण्यासारखी होती. ड्यूटीवरून आले की हातपाय धुवायचे, चहा घ्यायचे आणि तिला मांडीवर घेऊन नुसते बसायचे. पाठीवरून हात फिरवायचे. मानेवरून तळहात सरकवत खाली यायचे, पुन्हा वर जायचे. एकेक खुंटी किती फिरते, घट्ट आहे की ढिली, ते बघायचे. तिच्याबरोबर एक छोटी वाकडी किल्ली आली होती. सुमनताईला वाटलं गिटारीच्या पेटीच्या कुलपाची असेल, म्हणून तिने ती घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवून टाकली. गिटारीला पेटीच नव्हती, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

आणि मग दादांनी तार जुळवायला घेतली, ती बँजोवाल्याच्या पद्धतीने. बँजोच्या मुख्य तारा सगळ्या एकाच सुरात लावतात. दादांनी गिटारीच्या सहाच्या सहा तारा एका सा वर आणायला सुरुवात केली. बारीक तारा ढिल्या केल्या, जाड वर ओढल्या. मी इकडे भाकरी थापत होते. पलीकडून खुंटी पिळल्याची करकर येत होती, मग सुमनताईचा आवाज, "अहो, बास," आणि पाठोपाठ ताडकन आवाज. तार तुटून दादांच्या मनगटावर वळ उठला होता. ते वळाकडे न बघता गिटारीला म्हणत होते, "चुकलं गं माझं. घाई झाली."

उल्हासनगरला लच्छूभाईंच्या दुकानातून ती घेतली होती. मिक्सर, रेडिओ, हार्मोनियम, गिटारी, सगळं एकाच दुकानात. तुटलेल्या तारेची कथा ऐकून लच्छूभाई इतके हसले की बाजूच्या दुकानातल्यांना बोलावून त्यांनी ती पुन्हा सांगायला लावली. "साईं, छह तार का छह अलग मिजाज होता है. सबको एकही लाइन में खड़ा करोगे तो कोई एक तो टूटेगाच." दादा हे वाक्य घरी घेऊन आले आणि चाळीत कुठेही भावाभावांचं वाजलं की वापरायला लागले.

त्यानंतर तारा नीट, आपापल्या जागी लागल्या. दादा एकेक सूर शिकायला लागले. तारा मानेपासून जरा उंच होत्या, दाबताना बोटांची टोकं लाल व्हायची. कॅन्टीनमध्ये गरम वरणाचं भांडं धरताना ती चुरचुरायची. पण तक्रार नाही. "तिलाही माझी बोटं टोचत असतील," म्हणायचे.

दादांची त्या महिन्यात दुपारची पाळी होती, त्यामुळे सकाळ मोकळी. सकाळी सुमनताई दारात उजेडाला तांदूळ निवडत बसायची. आणि निवडता निवडता गुणगुणायची. शब्द नसायचे, नुसता सूर, घशातल्या घशात. मी भिंतीपलीकडून ऐकायचे. खाली, जरासा खरखरीत, पण कुठेही न फाटणारा. मला तो आवाज आवडायला लागला होता. काळी चारचा आवाज मी ऐकलेलाच नव्हता, त्यामुळे गेलेल्याचं दुःख मला नव्हतं.

पुढे माझ्या लक्षात आलं की त्या गुणगुणण्याच्या मागोमाग पलीकडून टिंग येतंय. ती थांबली की टिंग थांबायचं. ती पुन्हा लागली की खुंटीची बारीकशी करकर, आणि पुन्हा टिंग. रोज ते टिंग आदल्या दिवसापेक्षा जरा खाली. सुमनताई एकदा मला म्हणाली, "काय गं, हे रोज नुसती गिटार जुळवतात, वाजवत कधीच नाहीत. हिच्या पायी जयंती यायची आणि जायची." मलाही तेव्हा नीट कळलं नव्हतं.

कळलं ते लच्छूभाईंच्या दुकानात. आम्ही दोघं नवरा-बायको कापड बघायला उल्हासनगरला निघालो होतो, तर दादाही गिटार घेऊन बरोबर आले. तारा आता करकरत होत्या. ढिल्या झालेल्या तारा मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांना लागून फरफरत होत्या. लच्छूभाईंनी एक तार छेडली आणि कपाळाला हात लावला.

"अरे साईं! दुनिया मेरे पास आती है सुर ऊपर चढ़ाने को. तुम पहला आदमी देखा, नीचे उतारके लाया. इतना नीचे कौन गाता है?"

दादांनी हात गळ्याजवळ नेला आणि तिथून थोडा खाली, छातीकडे आणून थांबवला. "जो गाएगी ना, उसका गला इधर है अभी."

मी दादांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. घरी बोलू नकोस, एवढाच अर्थ. आमचे हे बाजूच्या दुकानात शर्टपीसचा भाव करण्यात गुंग होते, त्यांना पत्ताच नाही.

लच्छूभाईंनी गिटार काउंटरवर आडवी ठेवली. मग त्यांनी सगळ्या तारा उतरवल्या आणि कपाटातून जाड तारांचं पाकीट काढलं. खाली गायचं तर तार जाड पाहिजे, म्हणजे ढिली पडणार नाही. मग म्हणाले, "इसके साथ एक टेढ़ी चाबी दिया था मैंने. किधर है?" दादांनी खिशातून घराच्या किल्ल्यांचा जुडगा काढला. लच्छूभाई पुन्हा इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. त्या वाकड्या किल्लीने तारांखालचे छोटे स्क्रू फिरवून तार उचलायची होती, म्हणजे ती फरफरणार नाही. "लेकिन थोड़ा थोड़ा, साईं. एक बार में नहीं."

"थोडं थोडं मला येतं," दादा मराठीतच म्हणाले.

मार्चअखेरीस एका रविवारी सकाळी विहारात तालीम ठरली. मंडपवाल्याचा ॲम्प्लिफायर मास्तरांनी खास मागवला होता. मुकी पहिल्यांदा बोलणार म्हणून चाळ गोळा झाली. मी आणि सुमनताई चहाची किटली घेऊन गेलो आणि दाराशी थांबलो. ऑपरेशननंतर तालमीच्या वेळी ती दाराच्या आत पाऊल टाकत नसे.

मास्तरांनी हार्मोनियमवर काळी चार धरली. दादांनी तार छेडली. आवाज एवढा घुमला की ढोलकीवाला दचकला. पण दोन्ही सूर एकमेकांशी भांडत होते. मास्तरांनी भाता थांबवला.

"किसन, उतरलीय तुझी. चढव."

"उतरली नाही मास्तर. ती तिथेच लावलीय."

"तिथेच म्हणजे? पार्टी काळी चारची आहे, विसरलास का?"

"नाही विसरलो."

"मग?"

दादा मान खाली घालून वाजवायला लागले. सुमनताई ज्या गाण्याने कार्यक्रम उघडायची, त्याची सुरुवात होती ती. बोटं अडखळत होती, एक सूर तर चुकलाच. पण खाली, जाड तारेवर, सावकाश, ती चाल विहारभर पसरली. मला तो सूर लगेच ओळखू आला. तांदूळ निवडतानाचा होता.

मला वाटलं सुमनताई आता रडेल. ती रडली नाही. तिने किटली खाली ठेवली ती अशी की झाकण उडालं. "हे काय केलंत?" ती भर विहारात म्हणाली. चारचौघांत तिने दादांना असं कधी विचारलं नव्हतं. "सगळ्या पार्टीचं हसं करायचंय का? एकदा सांगितलं ना, माझा आवाज गेला. गेलेल्याच्या मागे कशाला लागायचं?" आणि ती वळली.

दादा उठले नाहीत. गिटार मांडीवरच होती. बसल्या जागेवरून म्हणाले, "गेला असं तूच म्हणतेस सुमन. मला तर रोज ऐकू येतो."

ती थांबली. "काय ऐकू येतं?"

"तू गातेस ते. तांदूळ निवडताना. रोज सकाळी."

"मी?" तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता आता, भीती होती. "मी नाही गात. गाते का गं मी?"

"गाता ताई," मी म्हणाले. "मी भिंतीपलीकडून रोज ऐकते. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे."

तिला खरंच माहीत नव्हतं. जे आपण शपथेवर सोडलं ते आपला गळा रोज सकाळी आपल्या नकळत करतोय, हे तिला त्या क्षणी कळलं. ती दारातच खाली बसली. पदर गळ्यावरून सुटला होता, तो तिने सावरला नाही. ऑपरेशनची खूण मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

दादा हळूच म्हणाले, "मी पार्टीची पट्टी उतरवली नाही. तू जिथे गातेस तिथे गिटार नेऊन ठेवली, बास. गायचं तर गा. नाही तर तांदूळ निवडताना मी आपला जोडीला आहेच."

सगळे मोरे मास्तरांकडे बघत होते. मास्तर म्हणजे ताठ माणूस, वीस-बावीस वर्षं काळी चारशिवाय बोटं टेकवलेली नाहीत. त्यांनी चष्मा पुसला. मग गिटारीकडे कान करून म्हणाले, "किसन, तो सा पुन्हा दे." दादांनी दिला. मास्तर हार्मोनियमवर एकेक पट्टी दाबत खाली यायला लागले. सापडला. तिथून चाल वाजवायला गेले तर बोटं जुन्या सवयीने भलतीकडेच पडत होती. "हसू नका रे," ते म्हणाले. "म्हाताऱ्याला नवं घर दाखवताय, थोडा वेळ लागेल."

आणि दारात बसल्या बसल्या सुमनताईने आवाज लावला. पहिली ओळ तिने जमिनीकडे बघत म्हटली, दुसरी दादांच्या बोटांकडे बघत. चहा गार झाला. पुन्हा गरम करायला जायचं मला सुचलं नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि शेजारी उभ्या सासूबाई ते आपल्या पदराने पुसत होत्या, स्वतःचे डोळे सोडून.

जयंतीच्या संध्याकाळी आमच्या पार्टीने पहिल्यांदा खालच्या पट्टीत गायलं. शहाडच्या पार्टीतला एक जण यायचा तो आलाच. कार्यक्रम संपल्यावर म्हणाला, "काय मास्तर, पट्टी उतरली बुवापाड्याची?" मास्तर हार्मोनियमचं झाकण लावत होते. म्हणाले, "आमच्या वाढप्याने वाढलंय. पोट भरलं की नाही ते सांग." तो माणूस हसला, आणि मग मोठ्या मनाने म्हणाला, "भरलं." सुमनताई त्यानंतर बरीच वर्षं गायली. दर वर्षी सूर कुठे लावायचा ते दादा ठरवायचे, वाकड्या किल्लीने आणि खुंटीने, थोडं थोडं. आवाज वयाबरोबर खाली येत गेला, आणि गिटार त्याच्या मागोमाग.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे कंपनीने कॅन्टीन ठेकेदाराला दिलं. दादांनी निवृत्ती घेतली, आणि मुलाने बदलापूरजवळ सोनिवलीत फ्लॅट घेतला तिकडे दोघं राहायला गेली. तिथे गेल्यावरही बरेच दिवस त्यांनी एका खोलीतलं सामान लावलं नव्हतं म्हणे, फ्लॅटची ओळख व्हायची होती. पार्टीने निरोपाच्या वेळी गिटार दादांनाच दिली, आणि वर एक छोटा ॲम्प्लिफायरही. मी अधूनमधून जायची. सुमनताईला तोवर दम्याने धरलं होतं. बोलतानाही धाप लागायची. एकदा मी पाहिलं तर ॲम्प्लिफायरवर क्रोशाचा रुमाल आणि त्यावर फुलदाणी.

"बिघडला का हो दादा?"

"नाही, चांगला आहे. पण करंट लावला की ही हिच्यावर चढते," ते गिटारीकडे आणि मग आतल्या खोलीकडे बोट करून म्हणाले. "हिचा आवाज आता एवढासाच राहिलाय. त्याच्यावर कशाला चढायचं?"

दादांना मी शेवटचं पाहिलं तेही सोनिवलीलाच. हिवाळ्यातली दुपार होती. सुमनताईला माझ्या हातची तिळाची चटणी आवडायची, ती बरणीत घेऊन गेले होते. जिना चढून गेले तर बाहेरचं लाकडी दार उघडं होतं, आतलं जाळीचं लोटलेलं. बेल वाजवायला हात उचलला आणि तसाच राहिला.

सुमनताई पलंगावर उशीला टेकून बसली होती. दादा समोर स्टुलावर, गिटार मांडीवर, पूर्वीसारखेच वाकलेले. वायर कुठेच लावलेली नव्हती. दादांची बोटं तारांवर चालत होती आणि सुमनताईचे ओठ हलत होते. मी जाळीला कान लावला तरी मला काहीच ऐकू येत नव्हतं. ना टिंग, ना सूर. खाली रस्त्यावर कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती, तेवढंच ऐकू येत होतं.

मध्येच ती थांबली. धाप लागली असावी. दादा थांबले. त्यांनी खुंटीला हात घातला, जरासं फिरवलं आणि पंगतीत डाव पुढे धरून बघावं तसं तिच्या तोंडाकडे बघितलं. तिने मान हलवली, नाही. त्यांनी आणखी जरासं खाली घेतलं. पुन्हा बघितलं. या वेळी ती हसली आणि तिचे ओठ हलायला लागले.

मी बरणी हळूच खाली ठेवली. त्यांचं वाढून होईपर्यंत जिन्यातच बसून राहिले.